एकास पंचवीस : जुन्या वळणाची मोटार घडवताना

(द्वितीय वर्ष, कला)

मोटारीची प्रतिकृती आणि खेळण्यातली मोटार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. खेळणे मुलाच्या हाती टिकावे यासाठी केलेले असते; त्याची चाके अंमळ मोठी असली, टप बसका असला, तरी कोणाची तक्रार नसते. प्रतिकृती मापाची बांधील असते. मूळ मोटारीचा प्रत्येक भाग एकाच प्रमाणात लहान व्हावा लागतो आणि ते प्रमाण सुटले की, रंग कितीही सुंदर असो, पाहणाऱ्याच्या डोळ्याला काहीतरी खुपत राहते. मी घडवलेल्या मोटारीचे प्रमाण एकास पंचवीस आहे. मोटार १९४९ सालची अमेरिकन मर्क्युरी, दोन दारांची. पण कारखान्यातून निघाली तशी नव्हे, तर पुढे तिकडच्या हौशी तरुणांनी कापून, खाली बसवून, नव्याने रंगवून जशी केली तशी. अशा मोटारीला तिकडे 'कस्टम' म्हणतात. प्रस्तुत लेख ती घडवण्याच्या रीतीविषयी आहे, आणि ओघानेच, ज्यांच्याकडून या रीतीचा मोठा भाग मला मिळाला त्यांच्याविषयीही थोडा आहे.

'कस्टम' या शब्दाला 'हौसेची मोटार' म्हणावे तर अर्थ निम्माच येतो. हौस तर नवी कोरी मोटार विकत घेणाऱ्यालाही असते. इथे मुद्दा असा की मोटार जुनी, स्वस्तात मिळालेली आणि सर्वांसारखीच असते. मालक ती गॅरेजात नेऊन तिचे रूप पालटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात ही कला फोफावली. जॉर्ज बॅरिस (१९२५–२०१५) आणि सॅम बॅरिस (१९२४–१९६७) हे दोघे भाऊ तिचे सर्वांत प्रसिद्ध कारागीर. लिनवुड येथे त्यांचे गॅरेज होते. 'कस्टम' हा शब्द ते इंग्रजी 'सी'ऐवजी 'के'ने लिहीत. यातला सॅम हा पत्र्याच्या कामात अधिक निष्णात मानला जातो. जॉर्जला रंगाची आणि प्रसिद्धीची अधिक जाण होती. १९५२ साली त्यांनी बॉब हिरोहाटा नावाच्या, जपानी वंशाच्या एका अमेरिकन तरुणासाठी १९५१ ची मर्क्युरी तयार केली. ती 'हिरोहाटा मर्क' म्हणून ओळखली जाते. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिचा समावेश झाला आणि २०२२ च्या जानेवारीत लिलावात तिला जवळजवळ वीस लाख डॉलरची बोली लागली. वर फिकट हिरवा, खाली गडद हिरवा आणि दोहोंच्या मध्ये ब्यूइक मोटारीवरून उतरवून बसवलेली चकचकीत पट्टी, अशी तिची रंगयोजना आहे. माझ्या मोटारीला मी हेच दोन रंग दिले आहेत. साल मात्र १९४९ चे ठेवले, कारण त्या सालच्या मोटारीचे मागचे अंग १९५१ च्या मानाने अधिक गोलाकार आहे आणि मला ते अधिक आवडते. नक्कल करायची तर पूर्ण का नाही, असा आक्षेप एका मित्राने घेतला. त्यावर माझे म्हणणे असे की, कस्टम मोटारीची तंतोतंत नक्कल करणे हेच कस्टमच्या तत्त्वाविरुद्ध आहे.

मोटारीच्या प्रतिकृतीचा आणि शिक्षणाचा संबंध काय, असे प्राध्यापकवर्गापैकी कोणी विचारील. संबंध आहे. जनरल मोटर्स कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने १९३० साली 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड' नावाची स्पर्धा सुरू केली. फिशर बंधूंचे घराणे मूळचे घोडागाड्या बांधणारे. म्हणून प्रारंभी स्पर्धेचा विषयही नेपोलियनच्या शाही घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती हाच होता. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतील मोटारीची, एकास बारा प्रमाणातील प्रतिकृती असाही विभाग सुरू झाला. वरची बक्षिसे म्हणजे विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या होत्या. पहिल्या वर्षी पाच हजार डॉलरच्या चार होत्या. त्या काळात ही रक्कम फार मोठी. घरच्या तळघरात लाकूड तासून, घासून, रंगवून मुलगे थेट विद्यापीठात जात, आणि त्यातले कित्येक पुढे मोटारींचे आराखडे काढणारे झाले. ही स्पर्धा १९६८ पर्यंत चालली. मुलींना तिच्यात प्रवेश नव्हता, ही गोष्ट मात्र आज वाचताना खटकते. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुली माझ्यापेक्षा सरळ रेघ मारतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

१९५८ पासून एएमटी कंपनीने एकास पंचवीस प्रमाणातील प्लास्टिकचे तयार भाग डब्यात घालून विकण्यास आरंभ केला. एकाच डब्यातून मूळ मोटार, कस्टम किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती जोडता येई. असे डबे आजही मिळतात, पण परदेशातून मागवावे लागतात आणि त्यांची किंमत माझ्या एका सत्राच्या फीच्या आसपास जाते. म्हणून मी गिल्डच्या मुलांचा मार्ग धरला, म्हणजे लाकूड. मालाच्या देवदारी खोक्यांच्या फळ्या मऊ असतात, ब्लेडनेही कापल्या जातात. शेजारच्या दुकानदाराने दोन खोकी फुकट दिली.

लाकडाला हात लावण्यापूर्वी कागद. मोटारीची बाजू, वरचा देखावा आणि समोरचा देखावा अशी तीन चित्रे आलेख-कागदावर काढावी लागतात. एकास पंचवीस या प्रमाणात एक मोठी सोय आहे, ती विद्यार्थिमित्रांनी ध्यानात ठेवावी. इंचाचे २५.४ मिलिमीटर होतात. त्यांना पंचविसाने भागले की १.०१६ उरतात. म्हणजे मूळ मोटारीचा एक इंच तो आपल्या कागदावरचा साधारण एक मिलिमीटर. मर्क्युरीच्या पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर ११८ इंच आहे. ते १२० मिलिमीटर होते. एकूण लांबी सुमारे २०७ इंच; ती २१० मिलिमीटर होते. मोटार एका वहीच्या लांबीत मावते.

कस्टम मर्क्युरीचा प्राण तिच्या टपात आहे. टप खाली आणण्याच्या क्रियेला तिकडे 'चॉप' म्हणतात. खिडक्यांच्या खांबांमधून पट्टी कापून काढायची आणि टप तेवढा खाली बसवायचा. ऐकायला सोपे, पण खांब उभे सरळ नसतात. पुढच्या काचेचे खांब मागे झुकलेले असतात. ते मधून कापून वरचा भाग सरळ खाली आणला, की खालचा व वरचा तुकडा एकमेकांसमोर येतच नाहीत. वरचा मागे राहतो. मग एक तर टपाची लांबी वाढवावी लागते, नाही तर खांब अधिक आडवे करावे लागतात. दुसरी गोष्ट, टप पुढे-मागे सारखाच खाली आणला तर मोटारीने टोपी कपाळावर ओढून घेतल्यासारखी दिसते. हिरोहाटा मर्कमध्ये पुढून चार इंच आणि मागून सात इंच कापले आहेत, त्यामुळे टपाची रेघ पाठीमागे उतरत जाऊन डिकीत मिसळते. आपल्या मापात पुढे चार मिलिमीटर आणि मागे सात. तीन मिलिमीटरचा हा फरक म्हणजे दोन काडेपेटीच्या काड्यांच्या जाडीहून कमीच. पण मोटारीची सगळी ऐट त्यात आहे. मी तीन वेगवेगळ्या उतारांची पुठ्ठ्याची आकृती कापली, भिंतीला टेकवून ठेवली आणि आठवडाभर जाता-येता पाहिली. घाई करावयाची नाही. पुठ्ठा स्वस्त असतो.

लाकूडकामाचा क्रम असा. फळ्यांचे रंध्याने पापुद्रे काढून त्या सपाट कराव्यात, लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने ठेवून फेव्हिकॉलने चिकटवाव्यात आणि दोन दिवस शिकंजात धराव्यात. ठोकळ्याच्या चारही बाजूंवर मध्यरेषा काढावी. ही रेषा घासताना पुसली जाते, ती प्रत्येक वेळी पुन्हा काढावी. तिच्यावाचून डावे-उजवे कळत नाही. प्रथम बाजूचा आकार करवतीने काढायचा, मग वरचा, आणि नंतर पटाशी व कानस घेऊन कडा गोल करायच्या. डावी बाजू व उजवी बाजू सारखी येण्यासाठी पुठ्ठ्याचे फर्मे कापावेत आणि दोन्ही बाजूंना तेच फर्मे उलटे-सुलटे लावून पाहावेत. फर्मा आणि लाकूड यांच्या फटीतून उजेड दिसला की तिथे अजून काम आहे.

खिडक्या मी कोरून आरपार केल्या नाहीत. देवदारात अडीच मिलिमीटरचा खांब टिकत नाही. खिडक्यांच्या जागा अर्धा मिलिमीटर खोल घेऊन काळ्या चकचकीत रंगाने रंगवल्या. बुटक्या टपाखाली त्या अंधाऱ्या काचाच वाटतात. कस्टम मोटार प्रतिकृतीकाराला एका बाबतीत अनुकूल असते. मूळ मोटारीवरची बारीक उपकरणे त्या कारागिरांनीच काढून टाकलेली असतात. दारांच्या मुठी उतरवून भोके बुजवलेली असतात (दार विजेच्या कळीने उघडते), बोनेटवरचे चिन्ह गेलेले असते, पुढचे दिवे पत्र्यात आत ओढून घेतलेले असतात. मागची चाके तर झाकणांखाली जवळजवळ दिसतच नाहीत.

चाकांसाठी जुन्या रबरी स्लिपरची टाच घेतली. कोणत्याही खेड्यातल्या मुलाला ही युक्ती ठाऊक असते. मला ती माझ्या मामाच्या गावी शिकायला मिळाली. अठ्ठावीस मिलिमीटरची चकती कापून, मधून खिळा घालून ती ड्रिलमध्ये फिरवायची आणि पॉलिशपेपर धरून गोल करायची. पांढरी कड रंगाने. मध्यभागी टिचबटणाचा फुगीर भाग. त्या काळी कॅडिलॅकच्या 'सोंब्रेरो' नावाच्या गोल टोप्या लावण्याची चाल होती. टिचबटण हुबेहूब तसे दिसते. बंपर विजेच्या जाड ॲल्युमिनियम तारेतून ठोकून काढले. बाजूची चकचकीत पट्टी म्हणजे स्वयंपाकघरातला चांदीचा कागद, पातळ वॉर्निश लावून चिकटवलेला आणि कापसाने दाबलेला.

इथवरचे काम कोणालाही वाचून करता येईल. रंगाचे तसे नाही.

माझे वडील, अण्णा, उद्यमनगरातील एका गॅरेजात सत्तावीस वर्षे स्प्रे-पेंटर आहेत. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिला. कोल्हापुरात 'पेंटर' हा शब्द मानाने घेतला जातो, याचे कारण वाचकांना ठाऊक आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचे मूळ आडनाव मेस्त्री. पण स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा घडवणाऱ्या या पुरुषाला गावाने 'पेंटर' याच नावाने ओळखले. अण्णांना गॅरेजात सर्व जण 'पेंटर'च म्हणतात. लहानपणी मला दोन्ही एकच वाटे.

रंग हा वरून लावण्याचा पदार्थ आहे, हा गैरसमज अण्णांनी पहिल्याच दिवशी दूर केला. "रंग लपवत न्हाई, दावतो," असे ते म्हणाले. खडबडीत पृष्ठभागावर मंद रंग दिला तर दोष झाकला जातो. चकचकीत रंग दिला की प्रत्येक खळगा आरशासारखा उजेड परतवतो. म्हणून दहा दिवसांच्या कामात नऊ दिवस तयारीचे. देवदाराच्या लाकडात छिद्रे असतात, ती आधी सीलरने भरावी लागतात. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, २२० नंबरचा पेपर मारायचा, पुन्हा हात. चार हातांनंतर लाकूड लाकडासारखे लागेनासे होते. मग प्रायमर. प्रायमर वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करायची आणि ४०० नंबरचा पाण्याचा पेपर लाकडी तुकड्यावर गुंडाळून हलके घासायचे. उंच जागेवरचा काळा रंग निघून जातो, खळग्यातला राहतो. जिथे काळे राहिले तिथे पुट्टी भरायची. पुन्हा प्रायमर, पुन्हा काळे, पुन्हा पेपर. नुसत्या बोटांखाली पेपर धरून घासू नये, बोटांच्या लांब खुणा उठतात. पेपर बोटांखाली नको, पण तपासणी मात्र बोटांनीच. डोळे मिटून तळहात फिरवायचा. "डोळा फसतो, हात न्हाई फसत," हे अण्णांचे दुसरे वाक्य.

पुट्टीवरून बॅरिस बंधूंकडे थोडे परत जातो. त्यांच्या काळी, विशेषतः पाचाव्या दशकात, खळगे भरावयास शिसे वापरत. शिसे व कथील यांचा मिश्रधातू तापवला की तो एकदम वितळत नाही. बराच वेळ लोण्यासारखा मऊ राहतो. त्या अवस्थेत तो लाकडी फळीने पत्र्यावर थापून आकार द्यायचा आणि थंड झाल्यावर कानसीने साफ करायचा. म्हणूनच अशा मोटारींना 'शिशाची घसरगाडी' अशा अर्थाचे टोपणनाव पडले. मी हे अण्णांना वाचून दाखवले तेव्हा ते हसले. त्यांच्या वस्तादांच्या पिढीतले डेंटर पत्र्याच्या सांध्यावर असाच झाळ भरत, असे त्यांनी सांगितले. लिनवुड आणि उद्यमनगर यांत समुद्र आहे, पण पत्रा सगळीकडे सारखाच वागतो. शिशाची ती कानसलेली पूड श्वासाबरोबर पोटात जाई, हेही दोन्हीकडे सारखेच.

दरवाजांच्या रेघा केव्हा कोरायच्या, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो नाजूक आहे. लाकडावरच कोरल्या तर सीलर आणि प्रायमर यांनी त्या बुजतात. मूळ मोटारीत दाराची फट पाच मिलिमीटर धरली, तर आपल्याकडे ती ०.२ मिलिमीटर होते. म्हणून शेवटच्या प्रायमरनंतर, पट्टी धरून, जुन्या हॅक्सॉ ब्लेडला धार लावून त्या कोराव्यात. आणि रंग शक्य तितका पातळ द्यावा. मोटारीवरच्या रंगाच्या सर्व थरांची जाडी मिळून सुमारे १०० ते १५० मायक्रॉन असते. पंचविसाने भागली तर चार ते सहा मायक्रॉन झाली. इतका पातळ थर कोणालाच देता येत नाही. याचाच अर्थ असा की प्रतिकृतीवर रंग नेहमी मापापेक्षा जाडच असतो आणि कारागिराचे सारे कौशल्य ते लपवण्यात असते. चमकीच्या रंगाचेही असेच. साध्या चमकीचा ०.१ मिलिमीटरचा कण मूळ मापात अडीच मिलिमीटरचा होतो. चमकी घातलेली प्रतिकृती म्हणूनच टिकल्या चिकटवलेल्या शालूसारखी दिसते. मी साधे रंग घेतले.

ज्याला आपण 'ड्यूको' म्हणतो, त्या शब्दाची कथा सांगण्याजोगी आहे. पूर्वी मोटारी घोडागाड्यांप्रमाणेच ब्रशाने तेलरंग व वॉर्निश लावून रंगवत, आणि एकेक मोटार वाळण्यास आठवडे लागत. १९२३ साली ड्यू पाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा, लवकर वाळणारा रंग 'ड्यूको' या नावाने बाजारात आणला. वाळण्याचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला. ते एका कंपनीचे नाव होते. आपल्याकडे कपाटाला फवाऱ्याने दिलेला कोणताही रंग 'ड्यूको' झाला. आमच्या गल्लीत तर क्रियापदच आहे : "कपाट ड्यूको करून घेतलं."

हा रंग पावसाळ्यात देऊ नये. त्यातला थिनर इतक्या वेगाने उडतो की पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि रंगावर पांढुरका बुरा धरतो. कोल्हापूरचा पाऊस सर्वांना माहीत आहे. गॅरेजातही अण्णा आषाढ-श्रावणात हा रंग टाळत. म्हणून मी लाकूडकाम पावसाळ्यात उरकले आणि रंगाला दसऱ्यानंतर आरंभ केला. दसरा चौकात छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक येते, ती पाहायला यंदा अण्णाही आले होते. सोहळा संपल्यावर ते गर्दीतून वाट काढत तिच्या मडगार्डाशी गेले आणि वाकून पाहत राहिले. काय पाहता, असे मी विचारले. "पानी किती खोल हाय ते," असे म्हणाले. पाणी म्हणजे रंगाची खोली. आतवर गेलेली झळाळी.

रंग जुळवणे हे अण्णांचे खरे क्षेत्र. पांढऱ्यात हिरवा घातला की फिकट हिरवा होतो, असे मी समजत होतो. त्यांनी पांढरा घेतला, त्यात थोडा हिरवा, मग सुईच्या टोकावर मावेल इतका पिवळा आणि त्याहून कमी काळा. काळ्यावाचून रंग 'मिठाईचा' होतो, असे त्यांचे मत. प्रत्येक नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून आधी घरातल्या ट्यूबखाली आणि नंतर उन्हात नेऊन पाहिला. दोन रंग एका उजेडात सारखे दिसतात आणि दुसऱ्यात वेगळे, याला विज्ञानात 'मेटामेरिझम' म्हणतात. हा शब्द मी त्यांना सांगितला. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला आणि पुन्हा डब्यात काडी घातली.

फवारण्याची परवानगी मात्र सहज मिळाली नाही. "तुला कॉलेजात घातलंय ते थिनर हुंगायला न्हवं," हे उत्तर मला चार वेळा मिळाले. त्यामागे कारण आहे. गेल्या दोन वर्षांपासून अण्णांना जिना चढताना धाप लागते. सत्तावीस वर्षांत बहुतेक काळ त्यांनी तोंडाला फक्त रुमाल बांधला. गॅरेजात सर्व जण तेच करीत. रुमालाने रंगाचे थेंब अडतात, वाफ अडत नाही. साध्या लॅकरच्या थिनरपेक्षा अलीकडच्या दोन डब्यांच्या रंगांतील हार्डनर अधिक घातक. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडतो, ही वैद्यकशास्त्रात चांगली ठाऊक असलेली गोष्ट आहे. डॉक्टरांनी फवारणी बंद करायला सांगितली. आता ते गॅरेजात स्टुलावर बसून फक्त रंग जुळवतात. गन दुसरे चालवतात, आणि पगारही त्या मानाने उतरला. शेवटी परवानगी मिळाली ती अटींवर : गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि वाफ अडवणाऱ्या डबीचा खरा मास्क लावून. हा मास्क माझ्या मोटारीतली सर्वांत महाग वस्तू ठरला. बाकी सारा खर्च मिळून त्याच्या निम्माही नाही. ज्या कोणाला हे काम करून पाहायचे असेल त्याने लाकूड फुकटचे घ्यावे, बटण जुन्या कपड्यावरचे घ्यावे, पण मास्क विकतच घ्यावा.

अण्णा गच्चीच्या दारात, उंबऱ्याच्या आत बसले आणि तिथून सांगत गेले. मोठ्या गनऐवजी डाग काढण्याची छोटी गन घेतली. गन मोटारीपासून वीतभर दूर. फवारा मोटारीच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे बाहेरच संपवायचा. मोटारीवर हात थांबला की ओघळ आलाच. मनगट वळवायचे नाही, पूर्ण हात सरळ न्यायचा. जवळून मारला तर ओघळतो. फार दुरून मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पहिला हात नुसता धुक्यासारखा, नंतरचे दोन ओले.

दोन रंगांत आधी फिकट, मग गडद. फिकट रंग पुरता वाळल्यावर वरच्या भागावर टेप लावून कागद गुंडाळला. इथली युक्ती अण्णांची, आणि माझ्या मते या लेखातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. टेपच्या कडेखाली गडद रंग झिरपू नये म्हणून आधी त्या कडेवर फिकट रंगाचाच एक पातळ हात मारायचा. झिरपायचे ते फिकटच झिरपते, फिकटावर फिकट. आणि फट भरून जाते. मग गडद रंग निर्धास्त मारावा. टेप रंग थोडा ओला असतानाच, मागे दुमडून, सावकाश ओढावी. रेघ ब्लेडने कापल्यासारखी येते.

अमेरिकन लेखक टॉम वुल्फ याने १९६३ साली 'एस्क्वायर' मासिकात या कस्टम मोटारींवर लेख लिहिला आणि गॅरेजातल्या या माणसांकडे कलावंत म्हणून पाहिले. जॉर्ज बॅरिसही मुलगा असताना बाल्सा लाकडाच्या मोटारी करीत असे, आणि १९६६ च्या दूरदर्शन-मालिकेतली बॅटमॅनची मोटार त्याच्याच गॅरेजात तयार झाली. आपल्या अभ्यासक्रमात 'कला' आणि 'कारागिरी' यांतील भेदावर प्रश्न येतो. मागील सत्रात मी त्याचे उत्तर पुस्तकाप्रमाणे लिहिले : कारागिराला अंतिम वस्तू आधीच ठाऊक असते, कलावंताला ती घडवताना सापडते. गुणही बरे मिळाले. पण सुईच्या टोकावरचा काळा रंग डब्यात घालताना अण्णांना पुढचा रंग आधीच ठाऊक होता की घातल्यावर सापडला, हे मी शेजारी बसून पाहत होतो, आणि पुस्तकातला भेद मला तिथे लावता आला नाही. सरांनी या मुद्द्यावर वर्गात चर्चा घ्यावी, अशी विनंती आहे.

शेवटचे काम झिलईचे. गडद रंगावर लॅकरचे पारदर्शक तीन हात दिले आहेत. ते १५०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने, साबणाच्या पाण्यात घासून सपाट करायचे आणि नंतर मऊ कापडावर रबिंग कंपाउंड घेऊन चमक आणायची. परंतु लॅकर वरून वाळला तरी आतला थिनर हळूहळू उडत राहतो आणि थर आक्रसत जातो. लगेच झिलई केली तर काही आठवड्यांनी पेपरच्या ओरखड्यांच्या खुणा पुन्हा वर येतात. म्हणून महिनाभर थांबायचे. मोटार सध्या आमच्या कपाटावर, बुटाच्या खोक्याखाली झाकून ठेवली आहे. हा लेख संपादकांच्या हाती देताना एकवीस दिवस झाले आहेत. अण्णा रोज संध्याकाळी खोके उचलतात, मोटारीचा वास घेतात आणि म्हणतात, "अजून कच्चा हाय."